पायाशी टांगलेलं वजन

माझं नाव सुनंदा, लिहा, त्यात काय लपवायचं, फक्त हॉस्पिटलचं नाव तेवढं नको, कारण तिथल्या माणसांनी आमचं केलंच, उगाच कुणाला वाटायला नको की मी तक्रार सांगतेय. जन्म माझा लालबागचा. वडील गिरणीत होते, मूळ गाव कणकवलीच्या पुढे, पण गाव म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीपुरतं, बाकी सगळं इथलंच. गिरणी बंद झाली तेव्हा मी शाळेत होते, मग बाबा आम्हाला घेऊन कांजूरमार्गला आले, एका कंपनीच्या गेटवर वॉचमन लागले, आणि तेव्हापासून काय सांगू तुम्हाला, मला काळजीची सवयच लागली. बाबांना यायला जरा उशीर झाला की मी रस्त्यापर्यंत जाऊन बघणार. आई भाजीला गेली आणि आली नाही की मी दारात उभी. आई म्हणायची, ही पोरगी आहे की पोलीस चौकी. पण एकदा चालू असलेली गिरणी बंद पडलेली बघितली ना, की मग लहान मुलाला वाटतं काहीही बंद पडू शकतं.

लग्न झालं ते असल्फ्याला, घाटकोपरच्या डोंगरावरच्या चाळीत. आमचे मिस्टर दशरथ, रिक्षा चालवतात. आणि मी खाली शाळेचे युनिफॉर्म शिवतात त्या कारखान्यात काजबटणाला बसते, अजून बसते. मिस्टर एकदम थंड माणूस. पुढे ट्रॅफिक अडकलेला असू दे, मागे पॅसेंजर शिव्या घालत असू दे, हे आपले शांत. आणि मी अशी. रिक्षावाल्याची बायको आणि त्यात काळजीखोर, म्हणजे विचार करा माझं काय होत असेल दिवसभर. एक मुलगी आहे, तिला बडोद्याला दिली.

तर त्या दिवशी दुपारी मी कारखान्यात होते आणि मिस्टरांच्या नंबरवरून फोन आला, पण आवाज दुसऱ्याच माणसाचा. तो म्हणाला घाबरू नका, आणि तेवढ्यानंच मी हातातलं काम टाकून उठले. कारण घाबरू नका कधी म्हणतात माणसं, तुम्हीच सांगा. मानखुर्दकडून येताना डंपरनं कट मारला, यांनी रिक्षा वाचवायला वळवली, चाक खड्ड्यात गेलं आणि रिक्षा आडवी. उजवा पाय खाली. त्या फोन करणाऱ्या माणसानंच यांना दुसऱ्या रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं, आणि त्याचं नाव मी त्या गडबडीत विचारलंसुद्धा नाही, अजून ते मनात आहे.

मांडीचं हाड मोडलेलं. सरळ दोन तुकडे. ऑपरेशन करून आत रॉड घालायचा असं ठरलं, मी म्हटलं घाला, लवकर घाला. पण यांना आधीपासून खोकला होता, त्यात ताप चढला, छातीत कफ भरला, आणि भूल देणारे डॉक्टर म्हणाले या छातीवर मी भूल देणार नाही, आधी छाती साफ होऊ दे. मग तोपर्यंत काय, तर म्हणे ट्रॅक्शन.

ट्रॅक्शन तुम्ही बघितलंय का कधी? मी बघितलं आणि मला वाटलं आता हे पाय तोडतात. गुडघ्याच्या खाली हाडातून आरपार सळई घातलेली, त्या सळईला दोरी, पाय एका लोखंडी चौकटीवर ठेवलेला, दोरी पलंगाच्या टोकाला एका चाकावरून खाली गेलेली, आणि तिच्या टोकाला लोखंडी वजनं टांगलेली, वाण्याच्या तराजूत असायची ना तशी. आणि पलंग! पलंगाचे पायाकडचे दोन खूर लाकडी ठोकळ्यांवर चढवलेले, म्हणजे माणसाचं डोकं खाली आणि पाय वर. मी वॉर्डात जो दिसेल त्याला विचारत सुटले, अहो यांचं रक्त डोक्यात उतरेल हो, ठोकळे कुणी चुकून ठेवलेत का. सिस्टर म्हणाली मावशी, डॉक्टर राउंडला येतील तेव्हा विचारा, माझी इंजेक्शनं राहिलीयेत. पण मी कुठे गप्प बसणार. मी वॉर्डबॉयला विचारलं, शेजारच्या पेशंटच्या भावाला विचारलं. तो म्हणाला आमच्या गावात एकाचा असाच पाय गेला. झालं.

तिथे एक डॉक्टरीण होती, शिकाऊ, माझ्या मुलीपेक्षा लहान असेल, नांदेडकडची. केस बांधायला पण वेळ नसायचा तिला. मी तिची वाट अडवूनच उभी राहिले म्हणा ना. ती वैतागली असेल, पण माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, काकू या इकडे. पलंगाच्या पायाशी मला उभं केलं आणि म्हणाली, काही हलतंय का इथं? मी म्हटलं नाही. दोरी हलत नाही, वजन हलत नाही, काका हलत नाहीत, बरोबर? मी म्हटलं हो. मग तुम्हाला वाटतंय की इथं काही चालूच नाही. पण हे वजन खाली ओढतंय, आत्ता आपण बोलतोय तेव्हा पण ओढतंय, मग ते खाली का पडत नाही? मी म्हटलं दोरीनं धरलंय. दोरीला कुणी धरलंय? पायानं. पायाला? मी म्हटलं यांनी. आणि काकांना कुणी धरलंय? मी पलंगाखाली वाकून बघितलं. खरंच की, यांना कुणी धरलंय? पलंगाला बांधलेलं तर नाही. हे घसरत घसरत वजनाबरोबर पायाकडे का जात नाहीत?

मग ती म्हणाली, त्यासाठी ते ठोकळे आहेत काकू. पलंग डोक्याकडे उतरता केलाय, म्हणून काकांचं अंग त्यांच्याच वजनानं डोक्याकडे सरकायला बघतं, थोडं चादर पण धरून ठेवते, आणि तिकडनं लोखंड त्यांना पायाकडे ओढतं. दोन्ही ओढी सारख्या झाल्या की सगळं थांबतं. कुणीच ओढत नाही म्हणून थांबलेलं नाही हे, दोघं सारखं ओढतायत म्हणून थांबलंय. मी म्हटलं पण ओढायचंच कशाला बिचाऱ्याला. तर तिनं स्वतःच्या मांडीवर हात ठेवून दाखवलं. हाड मोडलं की भोवतीचे स्नायू घाबरल्यासारखे आकसतात, आणि मोडलेली दोन टोकं एकमेकांवर चढवतात. पाय आखूड होतो, आतली टोकं मांसात घुसतात. आपण बाहेरून ओढून त्या स्नायूंना म्हणतो, थांबा. बस एवढंच. आणि मग तिनं मला बजावलं, वजन जमिनीला टेकता कामा नये, पलंगाला टेकता कामा नये, काका खाली सरकले तर लगेच सांगायचं, आणि वजनाला कुणीही हात लावायचा नाही.

लोक म्हणतात समजलं की काळजी कमी होते. माझी वाढली. आधी काय बिघडू शकतं तेच मला ठाऊक नव्हतं, आता सगळं ठाऊक झालं. येता-जाता मी वाकून बघायचे वजन आणि फरशीमध्ये जागा आहे ना. उशी सरकली तरी मला वाटायचं आता सगळं गेलं. हे आपले झोपल्या झोपल्या म्हणायचे, सुनंदा, तू बस गं, तुझ्याकडे बघूनच मला दम लागतो. पण दुखायचं त्यांना खूप. झोप अशी नाहीच, डोळा लागला की स्नायू उडायचा आणि दचकून जागे व्हायचे. तोंडातून आवाज काढायचे नाहीत, नुसती चादर मुठीत धरायचे.

मुलीला यायचं होतं, पण तिला दिवस गेलेले, पहिलंच, मी म्हटलं तू अजिबात यायचं नाहीस, तुझी अजून एक काळजी मला झेपणार नाही. मग गावाहून सासूबाई आल्या. आम्ही त्यांना आये म्हणतो. मालवणी सोडून दुसरं बोलत नाहीत. आल्या त्या पिशवी न ठेवता आधी पलंगाच्या पायाशी गेल्या आणि बघतच राहिल्या. ह्या काय गो? माझ्या झिलाच्या पायाक वजना कित्याक बांधल्यानी? मी सांगितलं, डॉक्टरांनी लावलंय आये, हात लावायचा नाही. त्या हं म्हणाल्या. त्यांचं हं म्हणजे ऐकलं असं नसतं, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. मी कारखान्यात रजा तरी किती टाकणार, आये बसल्यात म्हटल्यावर मी दुपारपर्यंत कामाला जायला लागले.

त्या दिवशी मी चारच्या वेळेला वॉर्डात शिरले. लांबूनच बघितलं तर हे झोपलेले. तोंड जरा उघडं, कपाळावर आठी नाही, मूठ सुटलेली. इतक्या दिवसांत असा झोपलेला माणूस मी बघितलाच नव्हता. काय सांगू तुम्हाला, मला इतकं बरं वाटलं, मी मनात म्हटलं आलं एकदाचं आराम पडायला. आणि मग मला आये दिसल्या. पायाशी स्टुलावर बसलेल्या, पदर पुढे घेतलेला, आणि त्या पदराखाली, मांडीवर, ती वजनं. दोन्ही हातांनी उचलून धरलेली. दोरी वर चाकावर सैल पडलेली. आणि आयेंचे हात थरथरतायत, कोपरापासून थरथरतायत, किती वेळ धरलं होतं कुणास ठाऊक.

माझ्याकडे बघून म्हणाल्या, बोलू नको गो, तेका आता झोप लागली हा. मी धरलंय ना, तेका जरा बरा वाटला.

 एक क्षण, खरं सांगते, एक क्षण मला पण वाटलं झोपू दे की यांना अजून पाच मिनिटं. पण ती सैल दोरी बघितली आणि डॉक्टरीणबाईंचा मांडीवर ठेवलेला हात डोळ्यापुढे आला. म्हणजे आता आत त्या स्नायूंना कुणी थांबा म्हणत नव्हतं. म्हणूनच बरं वाटत होतं. आणि दुसरं भय, आयेंच्या हातातून वजन सुटलं तर? एकदम हिसका बसेल. मी पुढे झाले, वजनाखाली माझे दोन्ही हात घातले आणि हळूच म्हटलं, आये, हलू नका, सोडू नका, आणि तिथूनच सिस्टरला हाक मारली. अशी हाक मारली की अख्खा वॉर्ड उठून बसला.

सिस्टर धावत आली, डॉक्टरीण आली. तिनं आयेंना काही म्हटलं नाही, आधी तिनं वजन स्वतःच्या हातात घेतलं, एकाला पाय धरायला लावला आणि हळूहळू, अगदी हळूहळू भार दोरीवर सोडला. मिस्टर जागे झाले ते किंचाळतच. माझा हा थंड माणूस, ज्यानं अपघात झाला तेव्हा पण आवाज काढला नव्हता म्हणे. डॉक्टरीण पायाच्या अंगठ्याला हात लावून विचारत होती, काका हलवा बघू, लागतंय का इथं, आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होते. अंगठा हलला. मग एक्स-रे काढला, तिथेच मशीन आणून. हाडाची टोकं परत एकमेकांवर चढली होती. ती म्हणाली वजन वाढवावं लागेल काकू, आणि अजून दुखेल. मी विचारलं पाय वाचेल ना. ती म्हणाली वाचेल, पण आता हे हाड परत जागेवर आणायला वेळ जाईल आणि काकांची छाती साफ व्हायला पाहिजे, दोन्ही एकदम जमलं पाहिजे. दोन्ही एकदम! मी देवाकडे एकच गोष्ट मागत होते, आता दोन मागायच्या झाल्या.

त्यानंतर आये वॉर्डात यायच्याच बंद झाल्या. बाहेर पॅसेजमध्ये खांबाला टेकून बसायच्या, डबा उघडायच्या नाहीत. मी रागात होते, खोटं कशाला बोलू, पहिला दिवस मी त्यांच्याशी बोललेच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच माझा हात धरला आणि म्हणाल्या, माझो हात लागलो म्हणान हाड सरकला काय गो? मी तर तेचो भार घेतलंय. भार घेतल्यार वाईट कसा होता? आणि रडल्या. आयेंना मी सासऱ्यांच्या मयताला पण रडताना बघितलं नव्हतं.

आता या बाईला काय समजावू? मला जे समजलं ते पण असं अर्धंमुर्धंच. मी माझी ओढणी काढली, एक टोक त्यांच्या हातात दिलं, एक मी धरलं, आणि म्हटलं आये उठा, ओढा. त्या म्हणाल्या ह्या काय चालवलंस, माणसा बघतत. म्हटलं बघू दे. ओढा. त्या ओढायला लागल्या, मी ओढायला लागले, ओढणी ताठ, दोघी मागे रेललेल्या आणि दोघी जागच्या जागी. म्हटलं आये, कुणी हलतंय? नाय. ओढणं थांबवलंय कुणी? नाय गो, हात दुखतत. म्हटलं आता मी माझं टोक सोडते. तशा ओरडल्या, नको गो, सोडू नको, मी पडतलंय!

मी सोडलं नाही. हळूहळू दोघी सरळ झालो. आये ओढणीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, हयसर तू आसंस. थयसर तेका दुसऱ्या बाजून कोण धरता? मी गार झाले बघा, कारण अगदी तेच, जिथे मी अडले होते तिथेच त्या पोचल्या. मी म्हटलं त्यांचं स्वतःचं अंग धरतं आये, म्हणून पलंग तिरका केलाय. त्यांनी ओढणीची घडी घालून माझ्या हातात दिली. मग इतकंच म्हणाल्या, म्हणजे ता वजन तेका त्रास देय नाय होता. मी म्हटलं त्रास पण देत होतं आये. दोन्ही करत होतं.

त्या दिवशी जेवल्या. दुसऱ्या दिवशी आत येऊन बसल्या, पण आता पायाशी नाही, जरा लांब. आणि मग काय विचारता, वॉर्डची झाडूवाली जरी त्या बाजूला आली तरी आयेंचं चालू, बाय गो, जपान झाड, तेका झाडू लावू नको. शेजारच्या पेशंटला भेटायला आलेला एक जण पलंगाच्या कठड्यावर हात टेकून उभा राहिला, त्याला असं झापलं की तो सॉरी सॉरी करत बाहेर गेला. वॉर्ड हसायचा. मिस्टर पण हसले, आणि हसले की मांडीत कळ यायची म्हणून परत चादर मुठीत. मी मात्र हसत नव्हते. मी खोकला मोजत होते. सकाळी जास्त की कमी, कफ पिवळा की पांढरा, सगळं डॉक्टरीणबाईंना सांगायचे. ती प्लास्टिकची डबी येते ना, नळीतून श्वास ओढून गोळ्या वर चढवायची, ती यांच्या तोंडाला लावून मी समोर बसायचे आणि त्यांच्याबरोबर मीच श्वास ओढायचे.

एक दिवस डॉक्टरीण आली आणि म्हणाली, काकू, भूलवाल्या डॉक्टरांनी फिटनेस दिला, उद्या ऑपरेशनला घेतोय. हाड? म्हटलं. ती म्हणाली बरंचसं आलंय खाली, बाकीचं आत बघू. बरंचसं म्हणजे काय हो? या बरंचसंवर मी अख्खी रात्र काढली.

ऑपरेशन लांबलं. आमच्या नंतर आत गेलेले पेशंट बाहेर आले, आमचे नाहीत. आये माझ्या बाजूला बाकावर, माझा हात घट्ट धरून, आणि मी त्यांचा.  दरवाजा उघडला की आम्ही दोघी एकदम उठायचो आणि परत बसायचो. शेवटी मोठे डॉक्टर आले, म्हणाले रॉड बसला, छान बसला, पण पाय बोटाच्या रुंदीएवढा आखूड राहील. मी म्हटलं राहू दे. आयेंनी विचारलं काय म्हणालो तो? मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. पाय आखूड राहिला तो त्या दुपारमुळे का आधीपासूनच, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही, आयेंनी पण विचारलं नाही, आणि मिस्टरांना तर मी आजपर्यंत त्यावर बोलू दिलेलं नाही.

घरी आणलं ते पण सोपं नव्हतं, आमची चाळ वर, खालपासून पायऱ्याच पायऱ्या. चाळीतल्या माणसांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं, पुढचे उंच, मागचे बुटके, खुर्ची तिरकी होत होती, आणि मी मागून ओरडतेय, अरे मागचे वर धरा, भार तुमच्यावर येतोय, पुढचे थांबा. एक जण म्हणाला वहिनी, इंजिनियर कधी झालीस? मी म्हटलं गप चाल.

आता बरे आहेत. उजव्या चपलेला आतून जाड पट्टी लावून घेतलीय, चालताना जरा झोल दिसतो, पण रिक्षा चालवतात, सकाळचीच पाळी. नात झाली, बडोद्याला जाऊन बघून आलो. माझं काम चालू आहे. काळजी गेली का, तर नाही गेली, ती कुठे जाणार. उलट आता मला कुठलीही थांबलेली वस्तू नुसती थांबलेली दिसत नाही. खाली मेट्रोच्या कामाला क्रेननं तुळई उचलून धरलेली असते, लोक खालनं फोनवर बोलत जातात, आणि मी उभी राहते, हिला कुणी धरलंय, त्याला कुणी धरलंय. समोरच्यांच्या पत्र्यावर पाण्याची टाकी आहे, आधी दिसायची नाही, आता रोज दिसते. मिस्टर म्हणतात, तू बघत नसतीस तर पडली असती का गं? मी म्हणते नसती पडली. पण बघायचं थांबत नाही.

आये गावाला गेल्या. तिकडे दिराकडे असतात. हल्ली त्यांना आठवत नाही नीट, कधी कधी दिराला पण ओळखत नाहीत. पण माझा आवाज फोनवर ऐकला की लगेच विचारतात, तेच्या पायाचा वजन आसा मा गो जाग्यार? कोण हात नाय ना लावणा? पहिल्यांदा मी सांगायचे, आये, ते कधीच काढलं, ऑपरेशन झालं, हे चालतात आता. की त्या घाबरायच्या. काढलानी? कोणी काढलानी? आणि मग रडायला लागायच्या. म्हणून आता मी सांगतच नाही. मी त्यांच्यासारखंच म्हणते, आसा आये, जाग्यार आसा, मी हय बसलंय, कोणाक हात लावूक दिवचंय नाय. मग त्या शांत होतात. म्हणतात, बस हां, खय जाव नको. देव तुझा बरा करूंदे.